तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघा बदलल्यावर खूप दुखतं का?

गुडघा बदलून घेतल्यापासून जो भेटेल तो हेच विचारतो, खूप दुखतं का हो? आणि विचारताना बहुतेकांचा हात स्वतःच्याच गुडघ्यावर असतो, म्हणजे चौकशी कोणाची चाललीये ते कळतंच. तर एकदाच नीट लिहून टाकते. हो, दुखतं. चांगलंच दुखतं. पण ते आधीचं दुखणं नाही, ते वेगळं, आणि हा फरक सांगितल्याशिवाय माझ्या "हो"चा तुम्हाला काही उपयोग नाही.

आधीचं दुखणं कसं असतं ते तुम्हाला माहितीच आहे. गादी झिजलेली, एक्सरेत दोन हाडांमधली फट जवळजवळ गायब, पाऊल टेकवलं की आत हाडावर हाड घासल्याची ती कळ. ऑपरेशननंतर वॉकर धरून मला पहिल्यांदा उभं केलं (आजकाल त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी करतातच) तेव्हा मी ती कळ अक्षरशः शोधत होते. सापडली नाही. बाकी मांडीपासून पोटरीपर्यंत सगळं ठणकत होतं, पाय लाकडासारखा जड, टाके ओढत होते, पण ती वर्षानुवर्षांची कळ काही आली नाही. म्हणून म्हणते, नवीन दुखणं जखमेचं आणि सुजेचं असतं, ते आठवड्या-आठवड्याने उतरतं. जुनं मात्र दर वर्षी चढतच चाललं होतं.

आता आत नक्की करतात काय, कारण यात लोकांचे फार गैरसमज आहेत. अख्खा सांधा काढून नवीन बसवतात किंवा वाटी बदलतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं, दाताला घासून कॅप बसवतात साधारण तसा प्रकार. मांडीच्या हाडाचं खालचं टोक साधारण ८-१० मिलीमीटर कापून त्यावर कोबाल्ट-क्रोमियमचं कवच, नडगीच्या हाडाचा वरचा भाग सपाट करून त्यावर बहुतेक वेळा टायटॅनियमची प्लेट, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलिन नावाच्या प्लास्टिकचा जाड तुकडा, तीच नवीन गादी. हे सगळं बहुतेक करून हाडाच्या सिमेंटने चिकटवतात. वाटी आपली आपल्याकडेच राहते, फार तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची एक गोल चकती लावतात. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, त्यामुळे दीड-दोन तास आपल्याला दुखत काहीच नाही, फक्त ठोकाठोकीचे आवाज ऐकू येऊ शकतात, ते नको असतील तर झोपेचं औषध मागून घ्या, लाजू नका. आणि रोबोटिक, रोबोटिक म्हणून हल्ली फार विचारतात, तर रोबोट असला तरी ऑपरेशन सर्जनच करतो, यंत्र कापण्याचं माप अचूक ठेवायला मदत करतं. माझं मत विचाराल तर मशीन कुठलं यापेक्षा डॉक्टर ही ऑपरेशनं किती नियमित करतात ते आधी विचारा.

तर खरं दुखणं कुठे आहे? व्यायामात. हे कुणी आधी धड सांगत नाही. जखम भरताना आत चिवट वण तयार होतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत गुडघा वाकवला नाही तर तो त्या वणांतच अडकून बसतो. मग पुन्हा भूल देऊन डॉक्टरांना तो जोर लावून वाकवावा लागतो, तशी वेळ काही जणांवर येते. म्हणून ती फिजिओवाली मुलगी येते, गोड हसते, कोनमापक लावते आणि म्हणते, काकू अजून थोडं. ते "अजून थोडं" म्हणजे डोळ्यांतून पाणी. पण आकडे समजले की जरा बळ येतं. सपाट जमिनीवर चालायला गुडघा साधारण ६०-७० अंश वाकला तरी भागतं, जिन्याला ९० च्या आसपास लागतात, बैठ्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं तर १०० च्या वर. म्हणजे एकेक टप्पा गाठला की रोजच्या आयुष्यातली एकेक गोष्ट परत मिळते, आणि मला तरी या हिशोबानेच व्यायाम करवला.

आणि सगळे वाकवण्याच्याच मागे असतात पण सरळ करणं तितकंच महत्त्वाचं, किंबहुना मी म्हणेन जास्तच. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर कायमचं लंगडत चालणं आलं, कारण उभं राहताना मांडीच्या स्नायूला सारखा जोर लावत बसावं लागतं आणि तो दमून जातो. म्हणूनच गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बघायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने उशी सरकवतो हो, आणि खरंच त्याने इतकं बरं वाटतं की काढवत नाही, पण काढायची, घ्यायचीच तर टाचेखाली घ्यायची.

गोळ्यांचं एक सांगते. "मी एकही गोळी न घेता सगळं सहन केलं" असं सांगणारे लोक भेटतील, त्यांचं अजिबात ऐकू नका. गोळी वेळेवर घ्यायची, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, म्हणजे गुडघा वाकतो. दुखतं म्हणून वाकवला नाही आणि वाकवला नाही म्हणून आणखी आखडला, या चक्रात सापडलात तर त्या सहनशक्तीचं करायचं काय? फक्त जोरदार वेदनाशामकांनी पोट घट्ट होतं, त्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागा. बर्फाने शेका, पाय उंचावर ठेवा, आणि चालणं थोडं थोडं पण बऱ्याचदा करा, कारण एकदम लांब चालून आलं की संध्याकाळी गुडघा टम्म फुगतो. जिन्याचा नियम पाठच करून टाका, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात. हे उलटं वाटतं पण तसंच आहे, त्याने ऑपरेशनच्या पायावरचा भार हलका होतो.

रात्रींबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. दिवस कसातरी जातो, रात्री झोप लागत नाही, कुशीवर वळता येत नाही, पाय कुठेही ठेवा बरा वाटत नाही आणि पहाटे तीनला उगाचच रडू येतं, कशाला केलं हे असं वाटतं. मला वाटलंय. बऱ्याच जणांना वाटतं, पण नंतर कोणी बोलून दाखवत नाही कारण तोपर्यंत ते मस्त चालायला लागलेले असतात.

शिवाय काही गोष्टी होतात ज्यांनी माणूस उगाच घाबरतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, कारण तिथली एक बारीक नस त्या छेदात कापली जाते, तो पट्टा आकसत जातो पण काहींना थोडासा राहतोच. चालताना आत टक् असा आवाज येतो, धातू प्लास्टिकला लागतो त्याचा. गुडघा कित्येक महिने कोमट लागतो, सूजही तशीच हळूहळू जाते, पूर्ण ठाकठीक व्हायला वर्ष लागू शकतं. हे सगळं चालतं. पण पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, धाप लागली, छातीत दुखलं, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, तर उद्या बघू म्हणायचं नाही, तडक डॉक्टर. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनच तर ते रक्त पातळ करायचं औषध आणि दिवसभर घोटे वर-खाली हलवत बसायला सांगतात. कंटाळवाणं आहे, करा. ऑपरेशनच्या आधीही किडलेले दात, लघवीचा संसर्ग, वाढलेली साखर हे सगळं मार्गी लावा, सिगरेट असेल तर बंद, कारण कृत्रिम सांध्यात जंतू शिरले तर ते काढणं महाकठीण.

टिकतो किती, हे दुसरं हमखास विचारतात. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला होता, त्यात पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण ८२ टक्के २५ वर्षं टिकतात असा अंदाज निघाला. सगळी मेहनत त्या प्लास्टिकची आहे. खुब्याच्या सांध्यासाठी ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरलं होतं, ते काही वर्षांतच झिजून गेलं, लोकांची ऑपरेशनं परत करावी लागली, मग १९६२ पासून ते पॉलिथिलिनवर आले आणि तेच सुधारत सुधारत आज माझ्या गुडघ्यात आहे.

मात्र हेही सांगायलाच हवं की गुडघा बदललेल्या साधारण पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो. कोणाचं दुखणं राहतं, कोणाचा गुडघा आखडतो, कोणाची अपेक्षाच विशीतला पाय मिळण्याची असते. म्हणून एक्सरे वाईट आहे एवढ्यावर कधीच ठरवू नका. एक्सरे भयंकर असून दोन मैल फिरणारी माणसं असतात. झोप मोडते का, चालणं किती कमी झालं, बाहेर जायचं टाळायला लागलात का, वजन कमी करणं, व्यायाम, गोळ्या सगळं खरोखर करून झालं का, हे बघा, आणि मग ठरवा. गुडघे टेकून बसणं नंतर बऱ्याच जणांना नकोसं होतं, त्याने काही बिघडत नाही पण विचित्र वाटतं, तेही आधीच डोक्यात असू दे.

माझा दुसरा गुडघाही झिजलेला आहेच, त्याचं कधी, असंही विचारता. अजून तो रात्री झोपू देतोय आणि जिना चढू देतोय, तोपर्यंत नाही. झोप मोडायला लागला की करेन. मधल्या काळात मांडीचे व्यायाम चालू ठेवलेत, कारण ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून जास्त उतरते, मग उतरायला आधी काहीतरी शिल्लक तर पाहिजे ना.