थोडंसं काढून बघू

घरच्या वाइनसाठी रस आंबत ठेवलेल्या भांड्याचं बूच काढायला काहीतरी निमित्त लागतं, आणि हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगून किती साखर उरली ते सांगणारा काचेचा मापक, हे फार सोयीचं निमित्त आहे. ‘जरा ग्रॅव्हिटी (पाणी 1.000 धरून रसाचा दाटपणा) बघतो’ म्हटलं की घरातलं कुणी अडवत नाही. खरं तर बघायचं नसतं, चाखायचं असतं. गोव्यातली एप्रिलची दुपार, खोलीत 31-32 अंश, कोपऱ्यातल्या गराफावात (अरुंद गळ्याच्या मोठ्या बाटलीत) बोंडवांचा, म्हणजे काजूच्या फळांचा, रस बुडबुडतोय आणि टेबलावर काचेची लांबट नळी पडलेली. अशा वेळी हात शिवशिवणारच.

वाइन थीफ म्हणून विकतात ती ही नळी. साधारण फूट-सव्वा फूट लांब, खालचं टोक निमुळतं, वरचं तोंड अंगठ्यानं झाकेल एवढं. आत सोडायची, रस नळीत चढू द्यायचा, वरून अंगठा दाबायचा आणि उचलायची. इतकंच. पण अंगठा ओला हवा. कोरडा अंगठा हवा धरत नाही आणि नळी टेबलापर्यंत येईतो टिपूस टिपूस गळून निम्मी होते. आणखी एक गंमत आहे. तोंड उघडं ठेवून हळूहळू बुडवली तर वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या थरांचा रस थोडा थोडा मिळतो. अंगठा दाबूनच खाली नेली आणि तिथं उचलला तर नेमका त्या खोलीचा मिळतो. मात्र टोक गाळाजवळ असलं तर रस उसळून आत शिरतो आणि तळाचं यीस्ट सगळं वर येतं. म्हणून टोक गाळापासून चार बोटं तरी वर असावं.

एका बुडीत ही नळी 30 मिलीलिटर देते. हायड्रोमीटर नीट तरंगायला त्याच्या उभट भांड्यात 100 मिली तरी लागतात. म्हणजे तीन-चार बुड्या, आणि दर बुडीला आत जाणारी हवा. खाली झडप असलेली प्लास्टिकची नळी हा त्यावरचा उपाय. ती जाड असते, एका बुडीत बरंच उचलते, आणि झडपेचं टोक भांड्याच्या आत काठाला दाबलं की आपोआप रिकामी होते. पण तिचं प्लास्टिक अॅक्रिलिक असेल तर स्पिरिटनं पुसू नका. अॅक्रिलिकला अल्कोहोल लागलं की अंगभर बारीक चिरा पडतात, त्या चिरांत जंतू बसतात, आणि मग कितीही धुवा, नळी संशयितच राहते. काचेच्या नळीचं दुखणं वेगळं. उकळतं पाणी ओतलं की ती तडकते.

टर्की बॅस्टर नावाचं रबरी फुग्याचं एक यंत्र पुष्कळ लोक या कामाला वापरतात. माझं त्याच्याशी पटत नाही. फुगा बाहेरच दाबून मग टोक बुडवायचं असतं, पण घाईत माणूस आधी बुडवतो आणि मग दाबतो, आणि फुग्यातली सगळी हवा भसकन रसात जाते. जोरात आंबत असताना त्याचं फारसं बिघडत नाही, यीस्ट तो ऑक्सिजन खाऊन टाकतं. आंबणं संपल्यावर मात्र तीच हवा वाइनचा रंग आणि वास दोन्ही घालवते. शिवाय त्या फुग्याच्या आत ब्रश जात नाही. आतून कधीच न दिसणारी वस्तू खाण्यापिण्याच्या भांड्यात का घालावी?

त्यापेक्षा औषधाच्या दुकानात जावं. 50 मिलीची रुंद नोकाची सिरिंज आणि रायल्स ट्यूब, म्हणजे पेशंटला नाकातून घालतात ती नळी. मीटरभर लांब, निर्जंतुक पाकिटात बंद, आणि गराफावाच्या अरुंद गळ्यातून सहज जाणारी. तिचं टोक बंद असतं आणि आत पोलादाच्या बारीक गोळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे ती तरंगत नाही, आपण होऊन बुडते. रस शिरायची भोकं टोकाच्या थोडी वर, कडेला असतात, म्हणून ती गाळ कमी ओढते. सिरिंज सावकाश ओढायची. झटका दिला की रसातला वायू सुटतो आणि सिरिंजमध्ये अर्धा फेसच येतो. नळी उकळू नये, मऊ होऊन चिकटते. स्वस्त आहे, दोन-तीन वेळा वापरून टाकून द्यावी.

नळाची बादली असेल तर यातलं काहीच नको, असं वाटतं खरं. नळाच्या नाकात मागच्या खेपेचा रस सुकलेला असतो, तो आधी धुवावा. पहिले 20-30 मिली सोडून द्यावेत, त्यात तळचा गाळ आणि नळातला शिळा रस येतो. आणि नळ सोडण्याआधी एअरलॉक, म्हणजे वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं झाकणावरचं पाण्याचं बूच, उपसून ठेवावा. नाहीतर बादलीतली पातळी उतरली की एअरलॉकमधलं पाणी गडगडत आत ओढलं जातं. म्हणून आपल्याकडे काही जण एअरलॉकमध्ये पाण्याऐवजी फेणी भरतात. आत गेली तरी दुःख नाही.

धुण्याचं मात्र टाळू नये. सरबतं टिकवायला वापरतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे केएमएस, लिटरभर पाण्यात 10-12 ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल. नळी, भांडं, हायड्रोमीटर सगळं त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं आणि निथळू द्यायचं. त्यावर वाकून वास घेऊ नये, दम्याच्या माणसानं तर खिडकी उघडूनच हे काम करावं. आधी साबणानं घासणं वेगळं आणि हे वेगळं, चिकट नळीवर केएमएस काही करत नाही. वापरून झाल्यावर ओली नळी टेबलावर तशीच राहिली की गोव्याच्या हवेत पाच मिनिटांत चिलटं येतात. त्यांच्या पायांवर व्हिनेगरचे जंतू असतात. पुढच्या खेपेला तीच नळी बुडली की वाइन आंबट होते आणि मग यीस्टला दोष दिला जातो.

आता हायड्रोमीटर. तो बहुधा 20 अंशाला बसवलेला असतो आणि आपल्याकडे 20 अंश कुठून येणार? 30 अंशाला तो खऱ्यापेक्षा 0.002 ते 0.003 नं कमी दाखवतो, तेवढं मिळवायचं. खात्री करायची तर पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, आम्ल नव्हे) भांड्यात घ्या. खोलीच्या उष्णतेला ते 0.997-0.998 दाखवेल. भलतंच काही दाखवलं तर आतली कागदाची पट्टी सरकली आहे असं समजा. नमुना भांड्यात ओतून थोडा ढवळून वायू घालवावा, हायड्रोमीटर बोटांत धरून एक गिरकी द्यावी. बुडबुडे अंगाला चिकटले की तो वर उचलला जातो आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. डोळा रेघेच्या पातळीत आणून खालचा काठ वाचावा. जांभळाच्या वाइनमध्ये खालचा काठ दिसतच नाही, तिथं वरचा वाचून थोडं मिळवायचं. प्रकाश किती वाकतो त्यावरून दोन थेंबांत साखर सांगणारा रिफ्रॅक्टोमीटर मोहात पाडतो, पण तो ताज्या रसापुरताच. अल्कोहोल झालं की तो फसतो. पूर्ण आंबून कोरडी झालेली वाइनही त्यात सात-आठ ब्रिक्स (साखरेचे अंश) दाखवते आणि माणूस अजून साखर आहे म्हणून वाट बघत बसतो.

फेणीच्या भट्टीवर ही कटकट नाही. बोंडू तुडवून काढलेला रस तीन दिवस आपोआप आंबतो, फेस बसला, आतला आवाज थांबला की भाणात, म्हणजे दारू गाळायच्या हंड्यात, चढतो. काही चुकलंच तर आग बरंच झाकून घेते. माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, तर विचारूच नका, रेंदेर (माडी काढणारा) दुदिणं (भोपळ्याचं भांडं) घेऊन खाली उतरतो तोवर तिनं काम सुरूही केलेलं असतं. भट्टीवाल्यांकडे काचेचा मापक असतो खरा, ग्राव, म्हणजे दारूची तीव्रता, मोजायचा, हुर्राकाला (पहिल्यांदा गाळलेल्या दारूला) पंधराच्या आसपास, फेणीला एकोणीस-वीस. तो मागून आणून गराफावात बुडवणारे महाभाग आहेत. तो नुसत्या पाणी-अल्कोहोलचा मापक आहे. साखर असलेल्या रसात तो काहीही सांगत नाही.

किती वेळा काढायचा नमुना? पाच लिटरच्या गराफावातून दर खेपेला 100 मिली, असं पाच वेळा केलं की दहावा हिस्सा गेला, आणि गेलेल्या रसाची जागा हवेनं घेतली. सुरुवातीला एकदा, जोर ओसरल्यावर एकदा, आणि शेवटी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा, एवढं पुरतं. साखर घालून 1.085 ला सुरू केलेला रस 0.995 ला थांबला तर फरकाला 131.25 नं गुणा, जवळजवळ 11.8 टक्के अल्कोहोल. नमुना परत आत ओतू नये. त्याचं काय करायचं हे सांगायला नको.

शेवटचे ते दोन आकडे सारखे येईपर्यंत बूच मारू नये, हे मात्र थट्टेवारी नेण्यासारखं नाही. एअरलॉक शांत झाला म्हणजे आंबणं संपलं असं नसतं, झाकण कुठं सैल असलं तरी तो शांतच दिसतो. 1.010 ला घट्ट बूच मारलेल्या वाइनमध्ये लिटरला निदान 25 ग्रॅम साखर उरलेली असते, ती बाटलीत आंबत राहते आणि वायूचा दाब वाढतो. बिअरच्या बाटलीत फेसासाठी मुद्दाम घालतात ती लिटरला 6-8 ग्रॅम. वाइनची साधी बाटली एवढ्या दाबासाठी केलेलीच नसते, आणि मे महिन्यात माळ्यावर ठेवलेली तर अजिबात नाही. असं बूच मारून झालं असेल तर बाटलीला उघड्या हातानं हात लावू नका. डोळ्यांवर चश्मा, हातात जाड मोजे, बाटलीभोवती ओलं गोणपाट, आणि पोरांना आधी घराबाहेर काढा.