एसीच्या पोटातला हीटर

पावसाळ्यात बाहेर एवढा गारवा असताना हॉस्पिटलचं वीजबिल उतरत का नाही, असं आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, तेव्हा मी त्यांना सरळ एएचयूच्या, म्हणजे हवा गार करून आत ढकलणाऱ्या यंत्राच्या, खोलीत नेलं. दार उघडून आतला हीटर दाखवला. "अहो, एसीत हीटर? कोणी बसवला हा?"

मीच. म्हणजे ओटीला, ऑपरेशन थिएटरला, तो लागतोच. आत तापमान २१ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायची असते. ठाण्यात जुलैतली हवा ३० अंशांची असली तरी पाण्याने गच्च भरलेली. ते पाणी काढायचं तर हवा कूलिंग कॉइलवर, म्हणजे आतल्या थंडगार नळ्यांवर, १२ अंशांपर्यंत गार करावी लागते, तेव्हा कुठे ते सुटून ड्रेन ट्रेमध्ये पडतं. पण तासाला वीसदा हवा बदलणाऱ्या ओटीत ही १२ अंशांची हवा तशीच सोडली तर सर्जन कुडकुडतील. म्हणून पुढे हीटर. आधी पैसे मोजून गार करा, मग पैसे मोजून तापवा.

यावर हीट पाइप हा मला ठाऊक असलेला सगळ्यात साधा उपाय. तांब्याची बंद नळी, आतली हवा काढून थोडं रेफ्रिजरंट, म्हणजे फ्रिज-एसीत असतं तसं सहज उकळणारं द्रव्य, भरलेलं. गरम टोकाला ते उकळतं, वाफ गार टोकाकडे जाते, तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि परत येते. पंप नाही, मोटर नाही. जनरल मोटर्सच्या गॉगलर यांना या कल्पनेचं पेटंट १९४४ मध्येच मिळालं होतं. लॉस अलामोसमध्ये ग्रोव्हर यांनी ती १९६३ मध्ये नव्याने उभी केली, तीही अंतराळातल्या वापरासाठी. आज तीच नळी आपल्याकडच्या काही सोलर बंबांत गच्चीवर तापत पडलेली असते.

एएचयूमध्ये या नळ्या कूलिंग कॉइलला वळसा घालून बसवतात. अर्धा भाग कॉइलच्या आधी, अर्धा नंतर. येणाऱ्या हवेतली चार-पाच अंश उष्णता आधीचा भाग उचलतो आणि कॉइलमधून निघालेल्या गार हवेला पलीकडे देतो. फायदा दोन्हीकडून होतो. सेकंदाला १ घनमीटर हवा ५ अंशांनी तापवायला साधारण ६ किलोवॅट लागतात. तेवढं काम हीटरचं वाचतं आणि तेवढाच भार चिल्लरवरूनही, म्हणजे कॉइलला गारवा पुरवणाऱ्या यंत्रावरूनही, उतरतो. मॅडमनी तिथल्या तिथे मोबाइलवर ६ गुणिले २४ केलं. १४४ युनिट, आणि चिल्लरचे वेगळे.

फुकट मात्र काहीच नसतं. नळ्यांवरच्या जादा फिन्समधून, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांमधून, हवा ढकलायला पंख्याला जोर लागतो; तो खर्च हीटरच्या मानाने किरकोळ, पण फिल्टर वेळेवर बदलले नाहीत तर फिन्स तुंबतात आणि सगळंच गणित बिघडतं. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत फिन्सना कोटिंग हवंच. नळीतला वायू गळाला तर आवाज नाही, अलार्म नाही. ती नुसती निपचित पडते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मी दोन्ही भागांच्या पुढे-मागे थर्मामीटर लावून बघतो. हवेत फरक दिसला नाही की समजायचं, नळ्या गेल्या.

खरी अडचण जागेची. कॉइलच्या दोन्ही अंगांना नळ्या बसायच्या तर एएचयू लांब लागतो, आणि जुन्या खोल्यांत तो वळतच नाही. नव्या विंगच्या मीटिंगमध्ये मी आर्किटेक्टकडे दीड हात जादा जागा मागितली. त्यांना तिथे स्टोअररूम हवी आहे. यंदा मॅडम माझ्या बाजूने आहेत.