तेरा तासांची रेघ

बँकेत मला सगळे मावशी म्हणतात. १९९६ साली पहिल्यांदा झाडू घेऊन गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला मावशी म्हणणारे हेड कॅशियर पन्नाशीचे. तेव्हा हसू यायचं. आता खरंच मावशीचं वय झालंय.

आमची शाखा सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. बँकेचं नाव लिहीत नाही, अजून नोकरीत आहे. सुरुवातीची बारा वर्षं मी रोजावर होते. व्हाउचरवर सही, हातात पैसे, संपलं. सुट्टी म्हणजे खाडा. २००८ मध्ये कायम झाले. ऑर्डरवर लिहिलं होतं पार्ट टाइम स्वीपर, एक तृतीयांश वेतनश्रेणी. घरी येऊन पेढे वाटले. सासूबाईंनी विचारलं, "तृतीयांश म्हणजे?" मी म्हटलं, "तिसरा हिस्सा." त्या म्हणाल्या, "मग बाकीचे दोन हिस्से कुणाला?" हसण्यावारी नेलं, पण उत्तर मलाही येत नव्हतं.

ते कळायला दोनेक वर्षं गेली. बँकांमधला पगार एकेका बँकेत ठरत नाही. मुंबईत कफ परेडला इंडियन बँक्स असोसिएशन आहे. एका बाजूला बँकांच्या वतीने ती, दुसऱ्या बाजूला सगळ्या युनियन, आणि साधारण दर पाच वर्षांनी करार. पहिला करार १९६६ चा. आमच्याकडे त्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हणतात. सेटलमेंट झालं की शिपायापासून हेड कॅशियरपर्यंत सगळे कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. अर्धवेळ माणसांची वेगळी पगारश्रेणी नसते. शिपायाची जी श्रेणी तीच आमची, फक्त तिचा तुकडा मिळतो. तो ठरतो आठवड्याच्या तासांवर. सहा तासांपासून तेरा तासांपर्यंत एक तृतीयांश. तेराच्या वर एकोणीसपर्यंत निम्मा. एकोणीसच्या वर एकोणतीसपर्यंत पाऊण. त्याच्याही वर गेलं की पूर्ण. बेसिकला तोच हिशोब, महागाई भत्त्याला तोच, आणि पुढे पीएफ-पेन्शन त्याच पगारावर, म्हणजे म्हातारपणीसुद्धा तुकडाच. मी १ एप्रिल २०१० च्या आधी कायम झाले म्हणून जुन्या पेन्शनमध्ये तरी बसले. त्यानंतर आलेल्यांना नवी पेन्शन योजना.

हे मला समजावलं आमच्या शाखेतल्या युनियनच्या प्रतिनिधींनी. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. क्लार्क होते, पासबुक छापायच्या काउंटरला बसायचे. २०१० मध्ये नवव्या सेटलमेंटचा फरक हातात आला तेव्हा मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमच्यामुळे मिळाला." तेव्हा शिपायाची श्रेणी ५,८५० पासून सुरू होत होती, तिचा तिसरा हिस्सा १,९५०, वर महागाई भत्ता. भाऊ म्हणाले, "मावशी, मुंबईत आम्ही रुपया वाढवतो. त्यातला किती तुमचा, हे इथल्या मस्टरवर ठरतं. तुम्ही रोज किती वाजता येता?"

"आठला."

"आणि जाता?"

"काम संपलं की. साडेदहा, कधी अकरा."

भाऊंनी मस्टर काढलं. माझ्या नावापुढे लिहिलेलं: ८ ते १०. दोन तास, सहा दिवस, बारा तास. तेराच्या एकच तास अलीकडे. इतकी वर्षं मी त्या कागदावर सही करत होते, वेळ कधी वाचलीच नव्हती. सहीच्या रकान्यावरून नजर डावीकडे गेलीच नाही.

भाऊ म्हणाले, "आजपासून वेळ लिहून ठेवा." वही घालायची कुठे आणि लक्षात ठेवायचं कुणी, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहायला लागले. तिथे दुधाचा हिशोब असायचाच, सिलिंडर कधी लावला तेही असायचं. आता प्रत्येक चौकोनात दूध एक लिटर आणि खाली ८ ते १०.४०. वर्ष संपलं की पानं रद्दीत द्यायची नाहीत, गादीखाली घालायची. धाकटा विचारायचा, "आई, हे कशाचे मार्क?"

२०१३ च्या दिवाळीत शाखा जुन्या माडीवरून नव्या जागेत आली. जुनी जागा अकराशे चौरस फूट होती, नवी चोवीसशे. खाली बँक, वर रेकॉर्ड रूम आणि साहेबांची केबिन, बाहेर एटीएम, मागे दोन संडास. फरशी अशी गुळगुळीत की पावसाळ्यात एका माणसाच्या चपलेचा चिखल दहा फूट ओढत जायचा. उद्घाटनाला सगळ्यांनी जागेचं कौतुक केलं. मी मनात फरशा मोजत होते. मस्टरवर वेळ तीच, ८ ते १०.

जानेवारी २०१४ मध्ये पहिला अर्ज केला. भाऊंनी मजकूर सांगितला, मी माझ्या अक्षरात लिहिला. दोन महिन्यांनी शाखेतूनच उत्तर: कामाचं स्वरूप पूर्वीचंच असल्याने विचार करता येत नाही. कामाचं स्वरूप पूर्वीचंच होतं हे खरं. झाडूचं स्वरूप बदलत नाही.

साहेबांवर माझा राग नव्हता, असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्यांची अडचण मला नंतर कळली. तास वाढवायची शिफारस केली की वरून विचारणा होते, खर्च का वाढला, आधीच्या साहेबांनी का नाही केलं. त्यापेक्षा 'विचार करता येत नाही' सोपं. ते तीन वर्षांनी बदलून जाणार, मी इथेच. शिवाय मला एक वाईट खोड होती. झाडून झालं की कुणी म्हणायचं मावशी चहा सांगा, मावशी हे टपाल टाकून या, मावशी दफ्तरी आले नाहीत तर जरा ती फाइल काढा. मी करायचे. भाऊ चिडायचे. "हे स्वीपरचं काम नाही, आणि हे मोजलंही जात नाही. केलंत तर फुकट, नाही केलंत तर उर्मट." मग काय करायचं? त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

युनियनबद्दलही सांगते, कारण तिथलं सगळं गोड नव्हतं. पुण्याला जिल्हा प्रतिनिधींची बैठक होती, भाऊ मला घेऊन गेले. दहाव्या सेटलमेंटची बोलणी चालू होती. टक्के, पेन्शन, पाच दिवसांचा आठवडा यावर तीन तास चर्चा झाली. अर्धवेळ सफाई कामगारांचा मुद्दा मागणीपत्रात होता, अगदी खाली. तो आला तेव्हा अर्धे लोक जेवायला उठले होते. मला बोलायला सांगितलं. पाय लटपटत होते. मी म्हटलं, "तुम्ही पंधरा टक्के आणा नाहीतर वीस. माझ्या हातात त्याचा तिसरा हिस्सा येणार. माझे तास बरोबर लिहिले तर करार न होताच माझा पगार दीडपट होतो." ताट हातात घेऊन उभा असलेला एक जण थांबला. नंतर तोच भाऊंकडून आमच्या अर्जाची नक्कल घेऊन गेला. तो विभागातल्या युनियनचा सेक्रेटरी होता.

२५ मे २०१५ ला दहावा करार झाला, पंधरा टक्के, १ नोव्हेंबर २०१२ पासून. आणि जूनमध्ये क्षेत्रीय कार्यालयातून एक मॅडम जागा मोजायला आल्या.

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. मॅडमकडे पिवळी मेजपट्टी होती, पण एकटीला धरता येईना. म्हणून दुसरं टोक मी धरलं. माझीच जागा मीच मोजत होते. काउंटरच्या आतलं झालं, हॉल झाला. साहेब मागून चालत होते. "स्ट्राँग रूम धरू नका, तिथे त्या एकट्या जात नाहीत." बरोबर होतं, किल्लीवाले दोघं असल्याशिवाय तिथे झाडू जात नाही. ती वगळली. मग साहेब म्हणाले, "रेकॉर्ड रूमही नको, तिथे कोण जातं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली आणून दार उघडलं. आत जुनी लेजरं, कॉम्प्युटर यायच्या आधीची, लाल कापडात बांधलेली. कोपऱ्यात उंदराचा पिंजरा, त्यात आदल्या दिवशी मी लावलेला भाकरीचा तुकडा. फरशी स्वच्छ होती. मॅडमनी रॅकवर बोट फिरवून बघितलं, मग साहेबांना म्हणाल्या, "इथे कुणीतरी जातंय." आणि पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. एटीएमची केबिन, जिना, पायऱ्या, मागचे संडास, सगळं मोजलं. शटरच्या बाहेरचा ओटा साहेबांनी काढायला लावला. काढू दिला.

मग मी पिशवीतून कालनिर्णयाची पानं काढली. साडेचार वर्षांची. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काय, अर्धा लिटर?" मी म्हटलं, "पाहुणे गेले त्या दिवशी." त्या हसल्या. पण मला वाटतं त्या अर्ध्या लिटरनेच काम केलं. बसून एका दिवसात लिहिलेल्या हिशोबात दूध कमी-जास्त होत नाही.

अहवाल गेला: रोज अडीच तास, आठवड्याला पंधरा. तेराच्या वर.

आणि इथे नवीन घोळ. त्याच करारात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी मिळाली होती, १ सप्टेंबर २०१५ पासून. अख्खी बँक खूश. साहेबांनी कागदावर गणित मांडलं. सुट्टीच्या आठवड्यात पाच दिवस गुणिले अडीच, साडेबारा. तेराच्या आत! "मावशी, मी तुमच्याविरुद्ध नाही, पण नियम बघा." मी रात्रभर झोपले नाही. ज्या करारासाठी पुण्याला जाऊन बोलले, त्याच करारातल्या सुट्टीने माझा निम्मा पगार खाल्ला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाऊ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. "साहेब, सुट्टी भरपगारी आहे. तुमचेही तास कमी झालेत. तुमचा पगार किती कापायचा ते सांगा, म्हणजे मावशींचाही कापू." साहेबांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

जानेवारी २०१६ मध्ये ऑर्डर आली, निम्मी वेतनश्रेणी. दहाव्या करारात शिपायाची सुरुवात ९,५६० होती. तिसरा हिस्सा धरला तर तीन हजार एकशे आणि काही, निम्मा धरला तर ४,७८०. हा फक्त बेसिक, आणि मला जुन्या वाढी मिळून थोडा जास्तच. पण लागू ऑर्डरच्या तारखेपासून. नव्या जागेतली सव्वादोन वर्षं गेली ती गेली. भाऊ म्हणाले, भांडू, लेबर कमिशनरकडे जाऊ. मी नको म्हटलं. मुलीची बारावी होती, अंगात त्राण नव्हतं. आज वाटतं जायला हवं होतं. माझ्यासाठी नाही तरी, पुढच्या माणसाला तारीख मागे नेता आली असती.

त्यानंतरच्या सेटलमेंटमध्ये मी नुसती प्रेक्षक नव्हते. मे २०१८ मध्ये असोसिएशनने पहिली ऑफर दिली, दोन टक्के. शाखेत हसावं की रडावं कळेना. मी माझ्या निम्म्याचे दोन टक्के काढले, महिन्याचा चहासुद्धा निघेना. ३० आणि ३१ मेला संप झाला, दोन्ही दिवस शटरसमोर मीही बसले, पगार कापला गेला. करार व्हायला ११ नोव्हेंबर २०२० उजाडलं, पंधरा टक्क्यांवर. मधल्या काळात करोना येऊन गेला आणि माझ्या झाडूला सगळे अचानक फार मान द्यायला लागले. तो मान सहा महिने टिकला.

बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला. सतरा टक्के, १ नोव्हेंबर २०२२ पासून. शिपायाची श्रेणी आता १९,५०० पासून सुरू होते. त्यात बायकांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरच्या दाखल्याशिवाय आजारपणाची रजा घ्यायची सोय आली. आमच्या नव्या क्लार्क मुलीने ते मला वाचून दाखवलं. मी विचारलं, "अर्धवेळवालीला अर्धा दिवस का?" ती म्हणाली, "मावशी, पोट अर्धंच दुखतं का?" भाऊ २०१९ मध्ये निवृत्त झाले, नाहीतर त्यांनाही हे उत्तर आवडलं असतं.

फरकाच्या पैशातून गॅसची जुनी शेगडी बदलली आणि मुलीच्या बाळाला बांगड्या केल्या.

आता आमच्या बँकेच्या नव्या शाखांमध्ये माझ्यासारखी माणसं घेत नाहीत. कंत्राटदाराची माणसं येतात, त्यांना ना तृतीयांश ना निम्मा. आमच्या एटीएमच्या केबिनची सफाईही गेल्या वर्षी कंत्राटाकडे गेली. एक मुलगी येते, वीसेक वर्षांची. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, झाडू कुठे ठेवायचा?" मी तिला जागा दाखवली. मग विचारलं, तुझ्या कागदावर वेळ काय लिहिलीय. ती म्हणाली, कागद दिलेलाच नाही.

केबिन गेली म्हणून माझे तास पुन्हा मोजणार असल्याचं पत्र आलंय. पंधरातून किती जातील ते माहीत नाही. या वेळी साहेब नवीन आहेत आणि पाठीशी भाऊ नाहीत. मी गादीखालची पानं काढून सालवार लावून ठेवली आहेत. २०२१ चा ऑगस्ट सापडत नाहीये. बहुतेक धाकट्याने त्यावर चिवडा खाल्ला.