१८ फुटांत गोल्फ: सांगलीतल्या गॅरेजमधल्या सिम्युलेटरचं आजवरचं काम

गोल्फ सिम्युलेटर म्हणजे खोलीतच पडद्यावर चेंडू मारायचा आणि तो मैदानात कुठे गेला असता ते यंत्राने मोजून दाखवायचं. सांगाडा उभा आहे, पडदा टांगलाय, मॅट दुसऱ्यांदा बसवून झाली, चेंडूचा वेग मोजणारं रडार आकडे देतंय. प्रोजेक्टर अजून स्टुलावरच आहे आणि तो तिथे असण्यात काही बिघडत नाही. कमी पैशात सिम्युलेटर करायचा तर आधी चेंडू सुरक्षित थांबला पाहिजे, मग आकडे, आणि उरलेल्या पैशात चित्र. बहुतेक जण प्रोजेक्टरपासून सुरुवात करतात आणि पडद्याला फ्लेक्सचं कापड लावून मोकळे होतात. फ्लेक्स ढोलासारखा वाजतो, चेंडू तसाच परत फेकतो आणि थोड्याच दिवसांत चिरतो. निवडणुकीनंतर फुकट मिळतो म्हणून मोह होतो, पण हात आवरावा.

जागा: रुंदी ११ फूट, लांबी १८ फूट, स्लॅब १० फुटांवर. मधे आडवा बीम आहे, त्याची खालची कड ८ फूट ९ इंचांवर. पडद्यामागच्या भिंतीपासून बीम साडेसात फुटांवर सुरू होतो. गॅरेजची उंची मोजताना लोक स्लॅब मोजतात, बीम विसरतात, आणि शटरच्या गुंडाळीचा डबाही विसरतात. इथे शटर खेळणाऱ्याच्या पाठीमागे येतं, त्यामुळे डब्याची अडचण नाही.

बीम अडतो का, हे ड्रायव्हर, म्हणजे गोल्फची सगळ्यात लांब काठी, फिरवून बघू नये. ४५ इंच लांबीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा, टोकाला चिंधी गुंडाळायची, ती निळीच्या पाण्यात बुडवून पिळायची आणि चेंडूच्या जागेवर उभं राहून आधी सावकाश, मग पुऱ्या जोरात स्विंग करायचा. डाग पडेल तिथे काठी लागते. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाचा डाग कुठेच पडला नाही. सहा फुटांच्या वरच्या माणसाचा बीमच्या मागच्या कडेवर पडला. त्यामुळे उंच पाहुण्यांनी इथे आयर्न, म्हणजे आखूड लोखंडी काठ्याच खेळायच्या, ड्रायव्हर पिशवीतच राहील.

लांबीचा हिशेब असा. भिंतीपासून पडदा १४ इंच, पडद्यापासून चेंडू साडेनऊ फूट, चेंडूपासून रडार साडेसहा फूट. बेरीज २०६ इंच, आणि १८ फूट म्हणजे २१६. दहा इंच उरले, तेवढ्यात रडारचा स्टँड. गार्मिनचं आर१० हे रडार चेंडूच्या मागे ६ ते ८ फुटांवर ठेवावं लागतं आणि पुढे चेंडूला किमान ८ फूट उडायला लागतात. गॅरेज १६ फुटी असेल तर मागून बघणाऱ्या रडारचा नाद सोडावा आणि चेंडूच्या शेजारी बसणारं कॅमेऱ्याचं यंत्र बघावं. सोल्डरिंगची आवड असेल तर पायट्रॅक नावाचा खुला प्रकल्प आहे, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्याच्या ग्लोबल शटर (अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणाऱ्या) कॅमेऱ्यांवर चालणारा. पण त्यात वेळ भरपूर जातो, तो पैशात मोजायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

रुंदीत एक खोच आहे. उजव्या हाताने खेळणारा चेंडूच्या डावीकडे उभा राहतो, त्यामुळे चेंडू डाव्या भिंतीपासून साडेसहा आणि उजव्या भिंतीपासून साडेचार फुटांवर घेतला. चित्र मात्र खोलीच्या मध्यावर ठेवलं तर चित्राचा मध्य चेंडूच्या रेषेपासून एक फूट सरकतो. साडेनऊ फुटांवर एक फूट म्हणजे सहा अंश. १५० यार्डांच्या फटक्यात ती चूक १५-१६ यार्डांची होते, आणि माणूस विनाकारण आपल्या ग्रिपला दोष देत बसतो. म्हणून प्रोजेक्टर चेंडूच्या रेषेवरच येणार, खोली तिरकी दिसली तरी चालेल.

सांगाड्याला एक इंची मध्यम जाडीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वापरला. दुकानात त्याला वीस फुटी म्हणतात, पण तो निघतो ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच. कागदावर दहा-दहा फुटांचे दोन तुकडे आखले असतील तर तिथेच फसगत होते आणि एक पाइप जास्तीचा घ्यावा लागतो. आडवे तुकडे ९ फूट ९ इंच (तीन), उभे ८ फूट ३ इंच (चार), खोलीचे ३ फूट (चार). दोन पाइपांतून प्रत्येकी दोन उभे आणि एक खोलीचा, तिसऱ्यातून दोन आडवे, चौथ्यातून एक आडवा आणि दोन खोलीचे. चार पाइपांत सगळं बसतं, करवतीची वाटही धरून. पुढचा खालचा आडवा पाइप मुद्दामच नाही, पाय अडखळतो. पाइप किलोवर मिळतो. मीटरला सुमारे २.४ किलो धरा, म्हणजे चार पाइपांचे ५८ किलोच्या आसपास. त्या दिवसाच्या भावाने गुणा.

कोपरे कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घेतले. सव्वा इंची पाइपचे चार-चार इंची तुकडे काटकोनात जोडले की एक इंची पाइप त्यात सहज सरकतो, मग आरपार भोक आणि एम८ बोल्ट. कोपऱ्यांसाठी काळा, म्हणजे बिनमुलाम्याचा पाइप द्यावा. जीआयवर वेल्डिंग करताना जस्ताचा धूर होतो, तो छातीत जाऊ नये. कोपऱ्यांमुळे प्रत्येक मापात दोन-अडीच इंचांची भर पडते, ती आधी धरली नाही तर वरचा पाइप बीमखालून आत सरकवताना घासतो.

बोल्टने सुटा होणारा सांगाडा निवडण्याचं दुसरं कारण कृष्णा. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. पूरपट्ट्यात गॅरेज असेल तर सॉकेट, स्टॅबिलायझर, कॉम्प्युटर जमिनीवर ठेवू नयेत. इथे सगळी वायरिंग वरून आणली आहे, आणि मॅटचे तुकडे एका माणसाला जिन्यावरून नेता येतील एवढेच ठेवले आहेत.

आता पडदा, म्हणजे खरं काम. पुढे पांढरं पॉलिस्टर स्पेसर कापड, बुटांत आणि सॅकच्या पाठीला असतं ते, तीन मिलिमीटर जाडीचं, दोन पदरी. त्याच्यामागे सहा-सात इंचांवर वाकळ टांगली आहे. वाकळ पडद्याला टेकता कामा नये. टेकली की दोन्ही मिळून एकच जड भिंत होते आणि चेंडू उसळतो. अंतर ठेवलं की पडदा मागे जाऊन वाकळीवर टेकतो आणि तिथेच चेंडूचा जोर मरतो. सर्वसाधारण खेळाडूच्या ड्रायव्हरचा चेंडूही ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो, तेव्हा हे सहा इंच महत्त्वाचे. मागची भिंत तशीच उघडी होती, तिथेही एक जुनं घोंगडं लावलं.

पडदा चादरीसारखा ताणायचा नाही. वर दर आठ इंचांवर इलॅस्टिक दोरी, बाजूंना सैल, खाली मोकळा. चाचणीची पद्धत अशी: दहा फुटांवरून चेंडू हाताने जोरात फेकायचा. तो पडद्यापासून दोन-तीन फुटांच्या आत पडला तर वेज (जवळच्या फटक्याची काठी) मारून बघायचं, मग सात नंबरचा आयर्न, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. पहिल्या वेळी चेंडू थेट पायाशी आला होता, कारण बाजूच्या दोऱ्या घट्ट होत्या. त्या चार बोटं सैल केल्यावर दोन फुटांत पडायला लागला. पडद्यावर सुरकुत्या राहतात, चित्रात त्या दिसतात. दिसू देत.

उघडा पाइप म्हणजे धोका. पाइपवर बसलेला चेंडू बऱ्याच वेगाने परत येतो. एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा नायट्राइल फोम, ३५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, एक इंची पाइपवर नेमका बसतो. खालच्या मागच्या पाइपवर दुहेरी घातला आहे.

बाजूच्या जाळीत दोन चुका हमखास होतात. क्रिकेटच्या नेटची जाळी आणली तर तिचे चौकोन ४०-५० मिलिमीटरचे असतात आणि गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा. एक तर आरपार जातो नाही तर अडकून बसतो. २५ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चौकोनाची, गाठीची नायलॉन जाळी हवी. तासगावकडे द्राक्षबागांसाठी पक्ष्यांची जाळी दुकानोदुकानी मिळते, पण तिचा धागा बारीक. पाखरं थांबतील, शँक, म्हणजे काठीच्या दांड्याजवळ लागून तिरका सुटलेला चेंडू, थांबणार नाही. बागेच्या तारा आणि टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) मात्र जरूर घ्यावेत, जाळी टांगायला उत्तम.

दुसरी चूक लांबीची. सांगाड्याच्या तीन फूट खोलीत जाळी लावून काम झालं असं वाटतं. पण ४५ अंशांत उजवीकडे निघालेला शँक साडेचार फुटांवरच्या भिंतीला पडद्याच्या पाच फूट अलीकडेच लागतो, जाळी तिथे पोचलेलीच नसते. म्हणून उजव्या भिंतीवर तार ओढून जाळी थेट चेंडूच्या रेषेपर्यंत आणली, भिंतीपासून सहा इंच सोडून, सैल. भिंतीला चिकटलेली जाळी असून नसल्यासारखी.

मॅट पहिल्यांदा काँक्रीटवर थेट टाकली होती. दोन आठवड्यांत कोपर बोलायला लागतं, कारण चेंडूखाली घुसलेल्या काठीला जायला जागाच नसते. आता खाली १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर २० मिलिमीटर रबर टाइल, वर गवत. चेंडूच्या जागी एक बाय दोन फुटांचा चौकोन कापून रबराऐवजी मऊ ईव्हीए फोम भरला. पाय आणि चेंडू एकाच पातळीत राहिलेच पाहिजेत. बाजारातलं शोभेचं हिरवं गवत घर्षणाने वितळतं आणि काठीच्या तळाला हिरवा लेप बसतो, म्हणून ती पट्टी सुटी ठेवली आहे, खराब झाली की तेवढीच बदलायची.

मॅट जेवढी उंच झाली तेवढंच रडारही उचलायला हवं. इथे ते प्लायच्या तुकड्यांवर ठेवलं आहे. रेषेसाठी गवंड्याची रंगाची दोरी चित्राच्या मध्यापासून रडारपर्यंत ताणून जमिनीवर उमटवली. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून अंदाजाने लावण्यापेक्षा हे भरवशाचं. जुन्या पट्टीच्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या, कारण ट्यूबचा लुकलुकाट आणि फिरता पंखा दोन्ही डॉपलर रडारला हालचालीसारखे दिसू शकतात. पंखा फटक्यापुरता बंद. एप्रिलमध्ये ही शिक्षाच आहे.

आकड्यांपैकी चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि काठीचा वेग यांवर भरवसा ठेवावा. एवढ्या छोट्या उड्डाणात स्पिन, म्हणजे चेंडूची गिरकी, बराचसा हिशेबाने काढलेला असतो, रडारला दिसेल अशी धातूची खूण असलेला चेंडू वापरला तर परिस्थिती सुधारते. चुकीची नोंद ओळखायची खूण सोपी: चेंडूचा वेग भागिले काठीचा वेग. ड्रायव्हरला हा आकडा १.५ च्या आसपास संपतो. १.६ आला तर खूश होऊ नका, तो फटका खोडा.

प्रोजेक्टरसाठी शाळा-क्लासेसमधून निघालेला जुना शॉर्ट-थ्रो (जवळून मोठं चित्र टाकणारा), ४:३ रुंदी-उंचीचा निवडला आहे. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, ०.६ धरला तर साडेआठ फूट रुंद चित्राला ५.१ फूट लागतात. उंची मिळते सुमारे ६ फूट ४ इंच, तर १६:९ मध्ये तेवढ्याच रुंदीला पावणेपाच फूटच. चौकोनी पडद्याला जुनं चित्रच शोभतं. ५.१ फुटांवर टांगला की तो बीमच्या पुढे, पडद्याकडच्या बाजूला येतो, म्हणजे काठीपासून त्याला बीमच आडोसा देतो, आणि खेळणारा मागे असल्याने सावलीही पडत नाही. नेहमीचा दीड रेशोचा घेतला असता तर पावणेतेरा फूट लागले असते, थेट डोक्यामागून.

सॉफ्टवेअर सध्या मोबाइलवरच. जीएसप्रो हे सिम्युलेटरचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, वर्षाला २५० डॉलर आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मागतं; इतर यंत्रं जोडायचा त्याचा खुला दुवा पोर्ट ९२१ वर जेसन या साध्या मजकुरी स्वरूपात बोलतो, त्यामुळे पुढे स्वतःचं यंत्र जोडायची वाट मोकळी आहे.

पावसाळ्याआधी राहिलेलं: वाकळ आणि घोंगडं दर पंधरवड्याला उन्हात घालता यावं म्हणून शिवणीऐवजी पडद्याच्या कड्या लावायच्या. प्रोजेक्टरच्या हवेच्या जाळीला धुता येईल असा स्पंज, कारण उसाच्या गाळपात काजळी शटरखालून आत येते. आणि उजव्या जाळीची वरची तार अजून मधे दोन इंच झोळ खाते, तिथे एक हूक स्लॅबमध्ये ठोकायचा आहे.