कार्बनचे कण

पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी मी तबकडीचा काळा टेलिफोन घरी आणला, तेव्हा आईने किंमत विचारली नाही, "याला कुलूप नाही का रे?" एवढेच विचारले. आमच्या घरी फोन आला त्यानंतर वर्षभरातच तबकडीच्या भोकात एक चिमुकले कुलूप आले होते, आणि ते लावलेले असतानाही रिसीव्हरखालचा खटका ठरावीक लयीत दाबून नंबर लावता येतो, हा शोध लागायला आम्हा भावंडांना फार दिवस लागले नव्हते. तबकडी तरी वेगळे काय करत असे? सोडल्यावर मागे फिरताना ती तारेतला प्रवाह सेकंदाला साधारण 10 वेळा तोडत असे. तीनसाठी तीनदा, शून्यासाठी दहादा.

या फोनमध्ये ब्लूटूथ बसवायचे म्हणून तपकीर गल्लीतून एक साधा हेडसेट आणला आणि त्याचे नखाएवढे सर्किट सोडवून घेतले. रिसीव्हरच्या बोलायच्या टोकाची टोपी फिरवून काढली की आत एक चपटी डबी सापडते. तिच्यात कार्बनचे बारीक कण असतात. आवाजाने पडदा हलला की ते दाबले जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तारेतला प्रवाह बोलणाऱ्याप्रमाणे थरथरतो. हा प्रवाह एक्स्चेंजच्या 48 व्होल्टच्या बॅटरीकडून येत असे. ती आता कुठून आणायची? डबी काढून मी तिथे हेडसेटचा मायक्रोफोन बसवला. खरा पेच खटक्याने घातला. रिसीव्हर उचलला की तो वर येतो आणि वरच राहतो; हेडसेटच्या बटणाला मात्र क्षणभराचाच स्पर्श हवा असतो. उचलताना आणि ठेवताना असा एकेक क्षणिक स्पर्श घडवणारे छोटे सर्किट जमवण्यात दोन रविवार गेले.

घंटेपुढे मात्र मी हात टेकले. ती वाजायला पाऊणशे व्होल्टच्या आसपासचा उलटसुलट प्रवाह लागतो आणि माझ्याकडे होता 3.7 व्होल्टचा सेल. त्यामुळे सध्या आतल्या खोलीत मोबाइल वाजतो आणि मी बाहेरच्या खोलीतल्या काळ्या फोनकडे धावतो, ही सोय आहे की गैरसोय, यावर घरात एकमत नाही.

परवा नागपूरच्या मावशीशी बोलताना आवाज मध्येच बसला, तशी आईने रिसीव्हर टेबलाच्या कडेवर दोनदा ठणठण आपटला. जुन्या फोनमध्ये कार्बनचे कण घट्ट बसले की असेच करत. कण मोकळे होत आणि आवाज खुलत असे. इथे कण नव्हतेच, होते ते माझे नाजूक डाख, म्हणून मी घाईने पुढे झालो.

"हं, आता कसं स्वच्छ ऐकू येतंय," आई मावशीला म्हणाली.

माझा एक डाख कच्चा राहिला होता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.