खानापूरच्या पावसात दोन किलोची लेन्स

कॅमेऱ्याचा रिव्ह्यू वाचायला घेतला की मी आधी एकच गोष्ट शोधतो: हा माणूस पावसात बाहेर पडला होता का? बहुतेकदा नसतो. भिंतीवरच्या चार्टचे फोटो असतात, कोपऱ्यांतली शार्पनेस असते, व्हिडिओचे आकडे असतात. आमच्याकडे, बेळगाव-खानापूरच्या भागात, मात्र जांबोटी ओलांडून कणकुंबीच्या रस्त्याला लागलं की जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवासुद्धा ओली. त्या हवेत लाखांची वस्तू कशी वागते आणि पुढच्या वर्षीपर्यंत कशी टिकते, हे मला सांगायचंय.

मी उद्यमबागेत एका मशिन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. त्यामुळे लेन्स हातात आली की आधी माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते त्या तोंडाची, कड बघतो, तिथली रबरी गॅस्केट बोटाने चाचपतो, झूम रिंगला प्ले, म्हणजे सैलपणा, आहे का ते बघतो. फोटो मग.

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, निकॉनची झेड-८, माझ्या मावसभावाची. तो लग्नांचे फोटो काढतो आणि पावसाळ्यात मुहूर्त नसले की कॅमेरा माझ्याकडे येतो. देताना एकच वाक्य असतं, "तुळशीच्या लग्नाआधी परत पाहिजे बघ." २०२३ साली आलेली ही बॉडी ४५.७ मेगापिक्सेलची, बॅटरी-कार्डासह ९१० ग्रॅम. मेकॅनिकल शटर नाहीच, त्यामुळे आवाज शून्य. पक्षी बुजत नाहीत, हे खरंच मोलाचं आहे. ऑटोफोकस एकदा डोळ्यावर बसला की पान मध्ये आलं तरी सहसा सोडत नाही. शहरातल्या मिरवणुकीत मात्र सांभाळावं लागतं. शिवजयंतीच्या चित्ररथांवर हल्ली एलईडीचा झगमगाट असतो आणि इलेक्ट्रॉनिक शटरला त्यात पट्टे दिसू शकतात. मेनूमध्ये हाय फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन आहे, ते चालू करून शटर स्पीड बारीक बारीक सरकवायचा, पट्टे जातात. बॉडीबद्दल एवढंच. चांगली आहे, महाग आहे, आणि माझ्या मते पहिला पैसा तिच्यात घालू नये.

खरी गंमत निकॉनच्या १८०-६०० मिलिमीटरच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या झूम लेन्समध्ये आहे. ट्रायपॉड कॉलर काढूनही १९५५ ग्रॅम. बॉडी धरून तीन किलोच्या आसपास ओझं गळ्यात पडतं. तरीही मी हिच्याच बाजूने बोलेन, कारण हिचा झूम आतल्या आत होतो. १८० वरून ६०० वर गेलात तरी नळी बाहेर येत नाही. सोनीची २००-६०० सुद्धा अशीच. कॅननच्या १००-५०० ची नळी बाहेर येते. तीही सील केलेली असते, लेन्स म्हणून उत्तम आहे आणि वजनाला बरीच हलकी. पण बाहेर आलेल्या नळीवर पावसाचे थेंब बसतात आणि झूम मागे घेताना ती ओली नळी आत जाते. दर वेळी लेन्स थोडी बाहेरची हवा आत ओढते. राजस्थानात याने फारसं बिघडत नसेल, कणकुंबीत बिघडतं. निकॉनची झूम रिंग ७० अंशांतच पूर्ण फिरते, त्यामुळे समोरून धनेश उडाला तर मनगट न उचलता काम होतं.

उणीव उजेडाची. ६०० ला लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र जास्तीत जास्त एफ ६.३ एवढंच उघडतं (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान). वर ढग आणि त्याखाली झाडांचं छप्पर अशा ठिकाणी शटर १/५०० सेकंदावर ठेवलं की आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, ६४०० च्या पुढे जातो, कधी १२८०० लाही. एफ ४ ची ६०० घेतली तर सव्वा स्टॉप मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), पण तिची किंमत दहा लाखांच्या वर. तो सव्वा स्टॉप मी सॉफ्टवेअरवर नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढून भागवतो. दाणे दिसले तर दिसू देत, पिसांचा तपशील राहिला म्हणजे झालं.

रात्री वेगळी लेन्स लागते. निकॉनचीच १०५ मिलिमीटर एफ २.८ मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, ६३० ग्रॅम. चोर्ला घाटाच्या बाजूला पावसात मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं करतो. तो दिसला की माणूस हात थरथरू नये म्हणून श्वाससुद्धा रोखतो. एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर वस्तू खऱ्या मापाएवढीच उमटते तेव्हा, एफ ११ ठेवूनही फोकसमध्ये राहते ती जाडी साधारण १.३ मिलिमीटर. आमच्या शॉपमध्ये एवढ्या फरकाने जॉब सरळ रिजेक्ट होतो. म्हणून फोकस बेडकाच्या डोळ्यावर आणि कॅमेरा त्याच्या अंगाला समांतर. फ्लॅशला डिफ्युझर, म्हणजे उजेड मऊ करणारं आवरण, हवंच, नाहीतर ओल्या कातडीवर पांढरे डाग उमटतात. बेडकाला हात लावायचा नाही, फांदी वाकवायची नाही, फ्लॅशही मोजकाच. भीमगड अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी.

दिवसा त्याच लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा. ओल्या पानांवरची पांढरी चकाकी जाते आणि खरा हिरवा दिसतो. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, तो द्यावा. या लेन्सला ६२ मिलिमीटरचा फिल्टर पुरतो. मोठ्या झूमला ९५ चा लागतो आणि तिथे किंमत ऐकून बसायची वेळ येते.

आता रेनकव्हर. घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत आतच वाफ धरते. कव्हर इरल्यासारखं हवं: वरून झाकलेलं, खालून मोकळं. कणकुंबीजवळ रोपलावणीच्या बांधावर एका म्हाताऱ्यांनी मला विचारलं होतं, "एवढ्या पावसात कॅमेरा काढालास काय रे?" त्यांच्या पाठीवरचं इरलं बघून मी माझं कव्हर खालून कापलं. तेव्हापासून व्ह्यूफाइंडर धुकट होणं कमी झालं. एसी गाडीतून थेट बाहेर काढलं तर मात्र कुठलंही कव्हर कामाला येत नाही. उतरण्याच्या थोडं आधी एसी बंद करून काचा उघडायच्या. आणि सीलिंग कितीही असो, या बॉडीला आयपी रेटिंग, म्हणजे पाणी-धूळ किती रोखते याचा प्रमाणित दर्जा, नाही. पाणी आत गेलेलं वॉरंटीत धरत नाहीत.

घरी आल्यावर बुरशी. ओलाव्यात ती काचेवर धरते आणि तिच्यातलं आम्ल कोटिंग खातं. मग साफ केली तरी डाग राहतो. म्हणून माझा खरेदीचा क्रम असा: आधी ड्राय कॅबिनेट (आतला ओलावा कमी ठेवणारं बंद कपाट), मग लेन्स, शेवटी बॉडी. कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा, फार खाली नेलंत तर आतलं ग्रीस वाळतं. कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर. जेलचा रंग बदलला की गरम करून वाळवायचं.

सेकंडहँड लेन्स घेणार असाल तर टॉर्च घेऊन जा. एका दुकानदाराने मला "एकदम क्लीन" म्हणून दाखवलेल्या लेन्समध्ये मागच्या काचेच्या कडेला बुरशीचे तंतू पसरलेले होते. दोन्ही झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडा, टॉर्च एका बाजूने तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. मधला भाग स्वच्छ असला तरी कडेकडेने नजर फिरवा, बुरशी बहुतेक तिथूनच सुरू होते. दुकानदार घाई करायला लागला तर लेन्स त्याच्या हातात परत द्या.