१३३ प्रूफची बर्बन चाखताना: माझी पद्धत, पाण्याच्या हिशेबासकट

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की, आणि बॅरल प्रूफ म्हणजे पाणी न मिसळता पिंपातल्याच ताकदीने बाटलीत भरलेली. बॅरल प्रूफ बर्बनची पारख एका घोटात होत नाही आणि एकाच ताकदीवरही, म्हणजे अल्कोहोलच्या एकाच प्रमाणावरही, होत नाही. बाटलीतली मूळ ताकद, साठ टक्के आणि पन्नास, अशा तिन्ही ताकदींवर चाखलं की चांगली बर्बन कुठे उलगडते आणि सुमार बर्बन कुठे ढासळते ते कळतं. हे पाणी मात्र मोजून घालायचं असतं. ‘दोन थेंब पाणी टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मी मानत नाही. कारण सोपं आहे: वीसेक थेंबांचा एक मिली होतो. १० मिली बर्बनमध्ये दोन थेंब टाकले तर ६६.५ टक्क्यांचे जेमतेम ६५.८ होतात. जिभेला हा फरक कळत नाही.

उदाहरण म्हणून एलायजा क्रेग या केंटकीच्या ब्रँडच्या बॅरल प्रूफची सी९२३ ही बॅच घेऊ. लेबलवरचा हा कोड वाचता आला पाहिजे. सी म्हणजे त्या वर्षातली तिसरी बॅच, ९ म्हणजे सप्टेंबर, २३ म्हणजे २०२३. वय १३ वर्षं ७ महिने, ताकद १३३ प्रूफ. अमेरिकन प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट असतो, म्हणून ही ६६.५ टक्के. आपल्याकडच्या दारूचं नेहमीचं ४२.८ टक्के म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाने ७५ प्रूफ, आणि अमेरिकन मापाने तेच ८५.६. दोन मापं एकमेकांत मिसळली की तुलना फसते, त्यामुळे नेहमी टक्केच बघावेत.

अमेरिकन नियमानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. मग हे चार टक्के वाढले कुठून? केंटकीतल्या उंच गोदामांच्या वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात कडक उकाडा आणि कोरडी हवा असते. तिथे पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडतं आणि आतली ताकद चढत जाते. स्कॉटलंडच्या थंड, दमट गोदामांत याच्या उलट घडतं, तिथे ताकद उतरते. म्हणून केंटकीच्या बाटलीवर वय आणि आकडा दोन्ही मोठे दिसले की मी आधी लाकडाचा तुरटपणा तपासायचं ठरवतो. पाणी उडालं की लाकडाचा अर्कही दाट होतो, आणि बहुतेक जुन्या बॅरल प्रूफ बर्बनची परीक्षा तिथेच असते.

तयारीला फार काही लागत नाही, पण जे लागतं ते नीट हवं. खोली २० ते २२ अंश. नागपूरच्या मे महिन्यात एसीशिवाय हे जमणारच नाही, कारण गरम खोलीत अल्कोहोलची वाफ बाकी सगळे वास झाकून टाकते. स्वयंपाकघरात फोडणी नुकतीच पडली असेल किंवा घरात उदबत्ती चालू असेल तर त्या दिवशी चाखू नये. तोंडाशी निमुळते असे ग्लेनकेअर्नचे तीन ग्लास घ्यावेत, आणि ते साध्या गरम पाण्याने विसळून घ्यावेत, भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास काचेला चिकटून राहतो. पाणी आरओचं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वासात लगेच उतरतं. पाणी मोजायला औषधाच्या दुकानातली ५ मिलीची सिरिंज, सुईशिवाय. आणि जवळपास निरांजन, मेणबत्ती, पेटलेला गॅस काही नको. या ताकदीच्या दारूची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते.

तिन्ही ग्लासांत १०-१० मिली ओततो. पहिला तसाच. दुसऱ्यात १.१ मिली पाणी, म्हणजे ६० टक्के. तिसऱ्यात ३.३ मिली, म्हणजे ५० टक्के. हिशेब असा: १० ला मूळ टक्क्यांनी गुणा, हव्या त्या टक्क्यांनी भागा, आणि उत्तरातून १० वजा करा. एकाच ग्लासात थोडं थोडं पाणी वाढवत गेलं तर मधल्या घोटांमुळे माप चुकतं आणि आधीची चव स्मरणावर राहते, म्हणून तीन ग्लास. या ३० मिलीत २० मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे आपल्या ४२.८ टक्क्यांच्या दारूचे जवळपास ४७ मिली. थुंकायला पेला जवळ ठेवावा, आणि एका बैठकीला एकच बाटली घ्यावी.

पाणी आणि अल्कोहोल मिसळताना थोडी उष्णता निघते, म्हणून दहा मिनिटं ग्लास तसेच ठेवतो. वाइनसारखा ग्लास गरागरा फिरवू नये, वर येते ती निव्वळ अल्कोहोलची वाफ. सुरुवात पन्नासवाल्या ग्लासाने. तो हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं, आणि हळूहळू वर आणायचा. नाकाला झिणझिण्या आल्या तर थांबून मोकळी हवा घ्यायची. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर तो एथिल अ‍ॅसिटेटचा. दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक, तसाच राहिला तर वजाबाकी. मग व्हॅनिला, काकवी, दालचिनी, आणि अमेरिकन ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्यामुळे येणारा सुक्या खोबऱ्याचा वास.

पहिला घोट अगदी छोटा, आणि त्यावर मत द्यायचंच नाही. उष्णता ओळखणारे चेतातंतू एरवी ४२ अंशांच्या आसपास जागे होतात. अल्कोहोल ती पातळी ३४ च्या जवळ आणतो आणि मग तोंडाला स्वतःचीच ३७ अंशांची ऊब भाजल्यासारखी वाटते. दुसऱ्या घोटाला ही आग बरीच ओसरलेली असते. तो घोट जिम बीमचे मास्टर डिस्टिलर बुकर नो यांच्या ‘केंटकी च्यू’प्रमाणे चावल्यासारखा तोंडभर फिरवावा आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा.

इथे तीन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. अल्कोहोलची जळजळ जिभेच्या शेंड्यावर आणि घशात होते आणि पाण्याने कमी होते. मसाल्याचा तिखटपणा, म्हणजे दालचिनी, लवंग, जिभेच्या मध्यावर राहतो आणि पाण्याने उलट स्पष्ट होतो. लाकडाचा तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आत बसतो, कच्चं जांभूळ चावल्यासारखा, आणि पाण्याने हटत नाही. पन्नास टक्क्यांच्या ग्लासात गोडवा विरला आणि फक्त तुरटपणा उरला, तर ती बर्बन पिंपात जास्त वेळ राहिली असं मी लिहितो, वय कितीही मोठं असो. मधल्या ग्लासात मात्र चांगली बॅच तोंडात सगळ्यात दाट, भरदार लागते. या ताकदीच्या बर्बनसाठी ६० ते ५५ टक्के हा टप्पा मला सर्वांत न्याय्य वाटतो.

४६ टक्क्यांच्या खाली गेलं किंवा बर्फ टाकला तर ही बर्बन गढूळ होऊ शकते. थंड करून गाळलेली नसल्यामुळे त्यातली मेदाम्लांची एस्टर ही संयुगं पाण्यात विरघळत नाहीत. हा दोष नाही.

शेवटची कसोटी दुसऱ्या दिवशी घेतो. १० मिलीत ४.१ मिली पाणी घालून ताकद ४७ टक्क्यांवर आणायची आणि शेजारी त्याच ब्रँडची ४७ टक्क्यांची साधी बाटली, एलायजा क्रेग स्मॉल बॅच, ठेवायची. धान्याचं प्रमाण दोन्हीत सारखंच: ७८ टक्के मका, १२ टक्के बार्लीचं माल्ट, १० टक्के राय. ग्लासांच्या तळाला खूण करून घरातल्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगावं. ताकद समान झाल्यावरही बॅरल प्रूफ ओळखू येत असेल, गिळल्यावरची चव लांबत असेल, तेलकटपणा जिभेवर रेंगाळत असेल, तर जादा पैसे वय, निवड आणि न गाळणं यांचे आहेत. ओळखू आली नाही तर स्मॉल बॅचच घ्यावी.

अमेरिकेहून कुणी बाटली आणणार असेल तर लेबल आधी बघून घ्या: ७० टक्क्यांच्या वरची दारू विमानात चेक-इन सामानातही चालत नाही. घरी बाटली उभीच ठेवावी, आडवी ठेवली तर इतक्या ताकदीची दारू बूच खाते. अर्ध्याच्या खाली आली की छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी.